श्वास आणि सुवास

सुवासाशीं आमचें वैर नाहीं, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें वाचून कित्येक वाचकांस तसा संशय येण्याचा संभव आहे. वैशाखांतल्या दुपारीं वाळ्याच्या ओल्या पडद्यावरून येणारी झुळूक, लग्नमंडपांत मनगटावर फिरणारा अत्तराचा फाया, तापलेल्या कपाळावरची कोलनवॉटरची पट्टी, ह्यांचा कंटाळा असलेला मनुष्य आमच्या पाहण्यांत नाहीं. आमचा वाद सुवासाशीं नसून, त्याच्या अंगावर वैद्याचा अंगरखा चढवून त्याच्याकडून नाडीपरीक्षा करवून घेण्याची जी रीत सुशिक्षित घरांतून आणि प्रवासांतून हल्लीं बोकाळली आहे, तिच्याशीं आहे.

ज्या तेलांविषयीं आम्ही बोलत आहों तीं आज इवल्याशा गडद बाटल्यांतून, विजेवर चालणाऱ्या डिफ्यूझरासह, विकलीं जातात. इंग्रजींत त्यांस 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात. येथें 'इसेन्शियल' ह्याचा संबंध 'इसेन्स' म्हणजे सार ह्या शब्दाशीं आहे. वनस्पतीचा गंधसार ज्यांत उतरला तें तेल, इतकाच त्याचा अर्थ. आमच्या भाषांतरकारांनीं मात्र त्याचें 'आवश्यक तेलें' असें रूपांतर केलें, आणि गिऱ्हाइकांनीं तें अक्षरशः खरें मानलें! आतां लव्हेंडर झोपेकरितां आवश्यक, पेपरमिंट डोकेदुखीकरितां आवश्यक, आणि निलगिरी तर सर्वांकरितां सदासर्वकाळ आवश्यक. ह्या पंथास 'आरोमातेरापी' हें नांव देणारा ग्रंथ रने-मोरिस गातफोसे नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें १९३७ सालीं प्रसिद्ध केला. त्यानंतर पाऊणशें वर्षांनीं पंथाची मजल कोठवर गेली पाहा: २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंत इबोलाची साथ चालू असतां, आमचीं तेलें इबोलावर चालतात असा प्रचार ज्यांच्या विक्रेत्यांकडून होत होता, अशा दोन बड्या कंपन्यांस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनास लेखी ताकीद द्यावी लागली.

ह्या तेलांच्या कैवाऱ्यांशीं बोलावयास बसलें म्हणजे दोन उत्तरें हमखास मिळतात. पहिलें, 'तें नैसर्गिक आहे, अपाय कसा करील?' धोत्रा आणि कण्हेर हींही नैसर्गिकच आहेत, एवढें सांगून ह्या उत्तराची बोळवण करतां येते. शिवाय ज्या कापरास नैसर्गिक म्हणून उराशीं धरलें जातें, तो बाजारांतला बहुतेक कापूर आज झाडांतून निघत नाहीं. टर्पेंटाइनपासून कारखान्यांत तयार होतो. दुसरें उत्तर अधिक वजनदार आहे: 'आजीच्या वेळेपासून हें चालत आलें आहे.' आजीविषयीं आम्हांसही आदर आहे, आणि म्हणूनच तिच्यावर हा आळ येऊं देण्यास आम्ही तयार नाहीं. आजीनें तव्यावर ओवा गरम करून त्याच्या पुरचुंडीनें छाती शेकली, तुळशीच्या पानांचा काढा केला, परसांतला गवती चहा आधणांत टाकला. तिनें वापरली ती वनस्पती. बाटलींत आहे तें वनस्पतीचें ऊर्ध्वपातन. ओव्यांत तेलाचें प्रमाण साधारणतः शेंकडा २ ते ४ असतें. म्हणजे एक ग्रॅम तेलामागें २५ ते ५० ग्रॅम ओवा. गुलाबाचें एक किलो तेल काढावयास तीन-चार हजार किलो फुलें लागतात. ह्या दोन्ही गोष्टींस एकच परंपरा म्हणावयाचें, तर द्राक्षें खाणाऱ्या आजीस ब्रँडी पिणारी म्हणावयास हरकत नाहीं. राहिली निलगिरी. तें झाड मूळचें ऑस्ट्रेलियांतलें. इंग्रजांनीं तें १८४३ च्या सुमारास निलगिरी पर्वतावर आणून लावलें, पर्वताचें नांव झाडास आणि तेलास चिकटलें, आणि परक्या मुलखांतला हा पाहुणा आमच्या सनातन घरगुती औषधांच्या पंगतींत जाऊन बसला!

परंतु आमचा मुख्य आक्षेप ह्याहून खोल आहे. मेंथॉल, कापूर किंवा निलगिरी हुंगली कीं चोंदलेलें नाक मोकळें झालें असें वाटतें. असें वाटतें हें खरें. असें होतें हें खरें नव्हे. नाकांतून हवा जातांना तिला किती अडथळा होतो ह्याचें यंत्रानें मापन करून पाहिलें असतां, हे तिन्ही वास घेण्यापूर्वीं आणि घेतल्यानंतर अडथळा तेवढाच राहतो, असें आढळून आलें आहे. मग मोकळें वाटतें तें कां? आपल्या ज्ञानतंतूंवर गारव्याची वर्दी देणारें एक सूक्ष्म द्वार असतें. थंड हवेनें तें उघडतें, आणि मेंथॉलनेंही तेंच उघडतें. २००२ सालीं डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापूटियन ह्या दोन शास्त्रज्ञांनीं परस्परांहून स्वतंत्रपणें ह्या द्वाराचा छडा लावला. उष्णता व स्पर्श ह्यांच्या संवेदनांवरील कार्याबद्दल पुढें २०२१ मध्यें दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे नाकाशीं गार वारा आल्याची खोटी वर्दी पोंचते, आणि मेंदू समजतो कीं श्वास मोठा झाला. साध्या सर्दींत हा भास सुखाचा आहे, आणि मोठ्या माणसानें तो खुशाल भोगावा. पण जेथें श्वासच अपुरा पडत आहे, तेथें हा सुवास खोटी साक्ष देणारा साक्षीदार होतो.

ही नुसती कल्पना नव्हे. एप्रिल २०२१ मध्यें, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत प्राणवायूच्या सिलिंडरासाठीं लोक रात्रंदिवस वणवण करीत असतां, कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब ह्यांची पुरचुंडी हुंगल्यानें रक्तांतला प्राणवायू वाढतो असा निरोप मोबाइलवरून घरोघर फिरला. तो पुढें धाडणारांत पदवीधर कमी नव्हते. पुरचुंडीनें प्राणवायू तिळभरही वाढत नाहीं. ती एकच गोष्ट करूं शकते: गुदमरणाऱ्या माणसास आणि त्याच्या उशाशीं बसलेल्यांस थोडें बरें वाटविते. ज्या तासांत रुग्णालय गांठावयाचें, तो तास अशा वेळीं त्या बरें वाटण्यांत जातो.

साथ ओसरली, पण पुरचुंडी गेली नाहीं. ती आतां प्रवासास निघाली आहे. लेहला किंवा केदारनाथला जाणाऱ्या मंडळींच्या सामानांत कापराच्या वड्या 'ऑक्सिजनसाठीं' म्हणून असतात. लेह सुमारें ३,५०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या जवळजवळ दोनतृतीयांश भरतो. मुंबईचा माणूस विमानानें कांहीं तासांतच तेथें उतरतो. डोकें ठणकूं लागतें, मळमळतें, धाप लागते. अशा वेळीं वर चढणें थांबवावें, विश्रांति घ्यावी, डॉक्टरच्या सल्ल्यानें औषध घ्यावें, आणि धाप बसल्याजागींही राहिली किंवा तोल जाऊं लागला तर विलंब न लावतां प्राणवायू मिळवून खालीं उतरावें. फुप्फुसांत किंवा मेंदूंत पाणी सांठूं लागलेल्या माणसास कापूर हुंगवून 'आतां बरें वाटतें ना?' असें विचारीत त्याला पुढच्या टप्प्यावर नेणें ह्यास आम्ही अज्ञान म्हणत नाहीं; सुशिक्षित माणसाच्या बाबतींत त्यास निराळा शब्द वापरावा लागेल.

आणि घरांत? घरांत ह्या भक्तीचा पहिला बळी लहान मूल असतें. बाळाच्या गळ्यांत कापराची पुरचुंडी बांधतात, सर्दी झाली कीं नाकाखालीं मेंथॉलचें मलम चोळतात, उशीवर निलगिरी शिंपडतात. तान्ह्या मुलाच्या नाकाशीं मेंथॉल किंवा कापूर लावल्यानें घसा एकाएकीं आंवळून श्वास अडूं शकतो. कापूर पोटांत गेल्यास थोड्याच वेळांत झटके येतात. एक-दोन वर्षांच्या मुलास एक ग्रॅम कापूरसुद्धां प्राणघातक ठरूं शकतो. चहाचा चमचाभर निलगिरी तेल मुलास बेशुद्ध करण्यास पुरेसें आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत कापरामुळें झटके आलेल्या तीन मुलांची हकीकत तेथील डॉक्टरांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केली. आमच्या बंगळूरच्या डॉक्टरांनीं तर मोठ्या माणसांतही निलगिरी व कापूर ह्यांच्या वापरानंतर फेपरें आल्याचीं उदाहरणें नोंदविलीं आहेत. त्वचेवर लावावयाच्या औषधांत कापूर शेंकडा ११ हून अधिक नसावा, असा निर्बंध अमेरिकेनें १९८३ मध्यें घातला. आमच्याकडे वडी चकचकीत कागदांत, पांढरीशुभ्र, खडीसाखरेसारखी दिसणारी, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, रांगणाऱ्या मुलाच्या बरोबर हाताशीं!

डांसांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. सिट्रोनेलाच्या तेलानें डांस पळतात हें खोटें नाहीं. पण २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत सिट्रोनेलायुक्त पदार्थांचा परिणाम वीस मिनिटांच्या आंतच संपला, आणि सुमारें २४ टक्के 'डीट' असलेल्या औषधाचा पांच तास टिकला. डेंग्यूच्या दिवसांत मुलाच्या पायांस सिट्रोनेला चोळून त्याला संध्याकाळभर खेळावयास सोडणाऱ्या आईनें हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे.

ह्या तेलांत औषधी गुण मुळींच नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. आंतड्यांच्या कांहीं तक्रारींवर पेपरमिंट तेलाच्या कॅपसूलांचा उपयोग तपासून पाहिलेला आहे, आणि लवंगेच्या तेलांतलें युजेनॉल दंतवैद्य वापरतात. पण तेथें मात्रा ठरलेली असते आणि देणारा जबाबदार असतो. दुकानांतल्या बाटलीवर मात्र कमळ असतें, योगासनस्थ स्त्री असते, 'शंभर टक्के शुद्ध' असतें. वनस्पतीचें शास्त्रीय नांव कोणतें, तेल किती पातळ करावें, किती वर्षांखालील मुलापासून दूर ठेवावें, मुलास न उघडणारें झांकण कोठें आहे, हें विचारून पाहावें. दुकानदार ह्यांपैकीं एकाही प्रश्नास उत्तर देत नाहीं. तो झांकण उघडून बाटली आपल्या नाकापुढें धरतो.