दुसऱ्या रूटचे समर्थन

सर्व्हरवर रूट फाइलसिस्टीम एकच असावी, दुसरी राखून ठेवणे म्हणजे डिस्कचा अपव्यय आणि कारभाराचा गुंता, असे म्हणणारा पक्ष जाणकारांतही प्रबळ आहे. तथापि तो मला सर्वथा अग्राह्य वाटतो.

अपव्ययाचा आक्षेप हिशेबातच टिकत नाही. लिनक्सची मूळ प्रणाली तीस जीबींत सुखाने मावते, आणि एक टीबीच्या डिस्कवर ती जागा शेकडा तीन होते. बॅकअप असताना दुसरे रूट कशाला, हा प्रश्न अधिक वजनदार भासतो. परंतु कळंबोलीच्या लोखंड बाजारातील एखाद्या पेढीत, ऐन पावसाळ्यात, अपग्रेड अर्धवट असता वीज गेली आणि मूळ लायब्ररीच अर्धीमुर्धी बदललेली राहिली, तर लॉगिनही होत नाही, आणि बॅकअप उतरवून घेईपर्यंत दारात उभ्या मालाचे चलन कोणी काढायचे? दुसऱ्या रूटमध्ये शिरण्यासाठी वापरायचा क्रूट (chroot) हा कैदखाना म्हणून कच्चा आहे, हेही खरे. १९७९ च्या सातव्या युनिक्समध्ये आलेल्या या सोयीतून रूटचे अधिकार असलेला प्रोग्राम बाहेर पडू शकतो. पण येथे कोणाला कोंडायचे नसून, चालू प्रणालीला धक्का न लावता शेजारी काम करायचे आहे.

रीत अशी : दुसऱ्या पार्टिशनवर चालू रूटची नक्कल करावी, डेव्ह, प्रोक आणि सिस तेथे जोडून क्रूटने आत शिरावे, अपग्रेड तेथेच उरकावे, एफएसटॅबमधील यूयूआयडी बदलावा, आणि ग्रबला केवळ पुढील एका बूटपुरताच नव्या रूटचा हुकूम द्यावा. नवे रूट उभे राहिले नाही, तर यंत्र बंद करून चालू करताच जुने रूट हजर होते. अँड्रॉइडने २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून दुहेरी पार्टिशनांची हीच तजवीज उपलब्ध केली. पनवेलजवळ २०२० साली सुरू झालेले योट्टाचे डेटा सेंटर टियर-४ दर्जाचे आहे, म्हणजे विजेचा एक मार्ग तुटला तरी दुसरा तयार असतो. विजेच्या बाबतीत जे शहाणपण ठरते, ते रूटच्या बाबतीत उधळपट्टी कसे?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. डेटाबेसच्या नव्या आवृत्तीने फाइलींची मांडणी बदलली, तर जुन्या रूटला त्या वाचता येत नाहीत. म्हणून विदा वेगळ्या पार्टिशनवर ठेवून तिचा डंप आधी घेतलाच पाहिजे.

पेढीच्या चालकांनी पुढचा सर्व्हर घेताना, डिस्कची वाटणी होण्यापूर्वीच, तीस जीबींचा एक कोरा भाग मागून घ्यावा. चालू यंत्रावर ती वाटणी बदलणे जिकिरीचे असते.