वनहक्काचा दावा : साहेब मोक्यावर आलेच नाहीत तर काय?

गडचिरोली/चंद्रपूर : सामूहिक वनहक्काचा दावा टाकला की गावाची गाठ तीन खात्यांशी पडते. सातबारा-नकाशा महसूलचा, जंगल वनविभागाच्या ताब्यात, आणि वनहक्काचं खातं आदिवासी विकास विभाग. तहसीलात गेलं तर सांगतात, वनविभागाचा अभिप्राय यायचा आहे. वनविभागात गेलं तर, फाइल एसडीओ साहेबांकडे आहे. एटापल्ली, कोरचीकडचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून येतो आणि एवढंच ऐकून परत जातो.

खरं पाहता कायद्यानं या तिघांना वेगळं बसूच दिलेलं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे उपविभागीय समितीचे अध्यक्ष उपविभागीय अधिकारी आणि जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दोन्हीकडे वनाधिकारी, आदिवासी विकासचा अधिकारी आणि पंचायत संस्थांचे तीन सदस्य. वनविभागाला जे म्हणायचं ते त्यानं त्या बैठकीत म्हणावं. त्यासाठी गावानं वेगळा ना-हरकत दाखला आणायचा नसतो.

खातं खात्याशी बोललं नाही तर काय होतं, ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं भोगलं आहे. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हातात आला, पण बांबू गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनविभागाकडे. 1927 च्या भारतीय वन कायद्यात 2017 पर्यंत बांबू म्हणजे झाड होतं, आणि वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपज. एका सरकारचे दोन कायदे, दोन खाती, आणि मधात गाव. शेवटी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मार्च 2011 मध्ये सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि 27 एप्रिल 2011 रोजी मेंढ्यात परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका पुस्तकासाठी दिल्लीचा मंत्री यावा लागला! पुढं सप्टेंबर 2012 मध्ये नियमच बदलले आणि असा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. त्याच 2012 सालात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावलाही सामूहिक हक्क मिळाला.

त्याच बदलात आणखी एक गोष्ट आली. तिचा फायदा गावं फार कमी घेतात. नियम 12-क सांगतो, की वनहक्क समितीनं कळवल्यावर वन आणि महसूलच्या कर्मचाऱ्यांनी मोका पाहणीला हजर राहायचं आणि कार्यवाहीवर हुद्दा, तारखेसह सही करायची. हरकत असेल तर तिथंच लिहायची. ते आले नाहीत आणि "आम्ही पाहणीला नव्हतो" म्हणून नंतर हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत तर? मग पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

तलाठ्याकडे अनेक गावं असतात, वनरक्षकाच्या मागे वणवा आणि वाघाचा ताप असतो, हे कोणी नाकारत नाही. पण त्यांच्या गैरहजेरीचा भुर्दंड गावानं का भरावा?

अडतं ते इथं : बोलावणं फोनवर होतं. "साहेब, मंगळवारी या." साहेब हो म्हणतात, येत नाहीत, आणि सहा महिन्यांनी त्याच दाव्यावर शेरा पडतो. फोनचा पुरावा काय दाखवणार? म्हणून पाहणीची तारीख लेखी कळवावी, दोन्ही कार्यालयांना वेगळं पत्र द्यावं आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्यावी. पाहणीच्या दिवशी कोण आलं, कोण आलं नाही, ते कार्यवाहीत नावा-हुद्द्यासह लिहावं. मग फाइल वर गेली की गावाची बाजू कागदावर असते.

कागद कमी आहे म्हणून उपविभागीय किंवा जिल्हा समितीला दावा परस्पर फेटाळता येत नाही; तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवावा लागतो. नामंजूर केला तर कारणं लेखी द्यावी लागतात. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे दाद मागायला 60 दिवस आहेत. तोंडी "झालं नाही" ऐकून घरी बसलं की हे दिवस निघून जातात.

आणि फाइल नेमकी कुठं आहे हेच कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. चुकीच्या कार्यालयात पडला तरी कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच तो 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. "आमच्याकडे नाही, तिकडं जा" हे उत्तर त्या अर्जाला चालत नाही.

जिल्हा समितीनंही नाकारलं तर 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं विभागीय समितीचा रस्ता उघडला आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी ती नागपूरला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली. मात्र ही सोय फक्त अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना आहे. आपलं गाव त्या यादीत आहे की नाही, हे नागपूरची गाडी पकडायच्या आधी तहसीलात विचारून घ्यावं.