दिवसाची जमा, रात्रीची उचल

दिवसाअखेर खातेवही जुळवल्याशिवाय पेढी बंद करायची नाही, हा आपल्या घरांतील जुना रिवाज. आले किती, गेले किती, शिल्लक काय, याचा ताळा बसला की मनही स्वस्थ होते. कोची विमानतळाच्या सौरऊर्जा प्रकल्पाचे मर्म समजून घ्यायचे, तर हीच वही उघडावी लागते.

केरळातील नेडुम्बाश्शेरी येथील हा विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला. त्याच्या उभारणीत परदेशस्थ भारतीयांनीही भांडवल घातले होते. वीजबिलाचा बोजा हलका करण्यासाठी २०१३ मध्ये इमारतीच्या छतावर अवघ्या १०० किलोवॉटचे सौरपट बसवण्यात आले. अनुभव चांगला आला, तशी पुढची पावले पडली. १८ ऑगस्ट २०१५ रोजी मालवाहतूक संकुलाजवळील ४५ एकर जागेवर १२ मेगावॉटचा प्रकल्प कार्यान्वित झाला आणि संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ म्हणून कोचीचे नाव सर्वत्र झाले. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याला 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा पुरस्कारही दिला.

आता हिशेब पाहू. १२ मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प चोवीस तास पूर्ण शक्तीने चालला, तर दिवसाला २ लाख ८८ हजार युनिट वीज निघेल. प्रत्यक्षात मिळते ती सुमारे ५० ते ६० हजार युनिट, म्हणजे फार तर पाचवा हिस्सा. सूर्य रात्री नसतो, सकाळ-सायंकाळ मंद असतो आणि पावसाळ्यात ढगांआड जातो. तरीही तेवढ्या विजेवर विमानतळाची त्या वेळची रोजची गरज भागत होती.

मग रात्रीचे दिवे कसे लागतात? दिवसा उरलेली वीज राज्य वीज मंडळाच्या जाळ्यात जमा होते आणि रात्री तितकी परत घेतली जाते. मोठ्या विद्युतघटांचा खर्च त्यामुळे वाचतो. पेढीवर ठेव ठेवावी आणि गरजेला उचल करावी, तसाच हा व्यवहार.

परंतु येथे एक प्रामाणिक नोंद करायला हवी. रात्री परत येणारी वीज ही दिवसाचीच वीज नसते. ती कुठल्या धरणाची असते, तर कुठल्या कोळशाच्या भट्टीची. संख्येने खाते जुळते. धूर मात्र कुठेतरी निघालेला असतो. शिवाय हा हिशेब विमानतळाच्या विजेचा आहे. आकाशात झेपावणारी विमाने इंधनच जाळतात. याने प्रकल्पाचे मोल उणे होत नाही. दिवसा त्याने दिलेल्या प्रत्येक युनिटामागे कोठेतरी तेवढे इंधन किंवा धरणातील पाणी वाचते. सौरपट धुतलेल्या पाण्यावर तेथे भाजीपालाही पिकतो. मात्र 'सौर' हा शब्द उधळपट्टीचा परवाना ठरू नये.

आपल्यापैकी अनेकांची दुकाने, गोदामे, कारखाने आहेत. त्यांची छते उन्हात तापत पडलेली असतात. तेथे सौरपट अवश्य बसवावेत. तत्पूर्वी तीन गोष्टी कराव्यात. वर्षभराची वीजबिले काढून खरी गरज पाहावी. अनावश्यक दिवे, जुनी यंत्रे आणि अकारण चालणारी वातानुकूलन यंत्रणा कमी करावी. पाण्याचा पंप, गिरणी, धुलाई अशी कामे उन्हाच्या वेळेत आणावीत. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांना सूर्याच्या वेळापत्रकाने चालणे नवे नाही.

कोचीचा आरंभ १०० किलोवॉटने झाला. लहान सुरुवात, चोख नोंद आणि मग विस्तार, ही रीत आपल्या वाडवडिलांनी व्यापारात पाळली. तीच रीत छतावरही पाळू या. जे वापरलेच नाही, ते युनिट सर्वांत स्वच्छ, ही नोंद वहीच्या पहिल्या पानावर असावी.