नऊची शाळा, बाराची रात्र



तिसरीच्या वर्गाला मी एक निबंध दिला होता, ‘आमच्या घरची रात्र’. एका मुलाने लिहिले, ‘अब्बू साडेअकराला येतात. मग आम्ही जेवतो. मग अब्बू मला मोबाइल देतात.’ हा मुलगा रोज पहिल्याच तासाला बाकावर डोके टेकवतो. त्या दिवसापर्यंत मी त्याला आळशी समजत होते.

वाचकांना आठवत असेल, डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याचे सुचवले होते. मुले उशिरा झोपतात, पहाटे उठवावी लागतात, झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे कारण. मग ८ फेब्रुवारी २०२४ ला शालेय शिक्षण विभागाचा आदेश आला : २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. दोन पाळ्यांच्या शाळांनी आणि बसवाल्यांनी अडचणी मांडल्या. आमची शाळा मात्र नऊची झाली.

पहिले दोन महिने मुले टवटवीत दिसली. दिवाळीनंतर पुन्हा जांभया सुरू! पालकसभेत एक अम्मी म्हणाल्या, “मॅडम, शाळा नऊची झाल्यापासून हा बारा वाजले तरी झोपत नाही.” म्हणजे सकाळी मिळालेले दोन तास आपण रात्री उधळून टाकले.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, असे तज्ज्ञ सांगतात. बाराला झोपून साडेसातला उठणाऱ्याला साडेसातच तास मिळतात. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचा स्राव वाढतो आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. डोळ्यांजवळ धरलेल्या मोबाइलचा निळसर उजेड हा स्राव रोखतो. शिवाय एका रीलमागे दुसरी तयारच असते. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये म्हणाले होते की, आमची स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. मग सात-आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने त्यांच्याशी काय लढावे?

पण सगळा दोष मोबाइलला देऊन मोकळे होता येणार नाही. धायरी फाट्यावर रात्री अकरालाही कामावरून परतणाऱ्यांची वर्दळ असते. दुकान, रिक्षा, डिलिव्हरी, कंपनीची शिफ्ट. त्या मुलाला मोबाइलपेक्षा अब्बू हवे होते. त्यांना भेटायचे तर जागायलाच हवे, एवढेच त्याला ठाऊक होते.

माझीही चूक सांगते. मी वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठाचा मेसेज कधीकधी रात्री पावणेअकराला टाकत असे. आता असरच्या आधी टाकते.

कुरआनने रात्रीला पांघरूण आणि झोपेला विश्रांती म्हटले आहे. इशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. आपल्या दादी-नानींच्या घरात इशा झाली की दिवे मंद होत. ती सवय आपल्याच घरातली आहे.

त्या मुलाच्या अब्बूंना मी शाळेत बोलावले. ते कामाला अकरा वाजता निघतात. म्हटले, “भाईजान, मुलाची आणि तुमची भेट सकाळी का नको?” आता मुलगा आठला जेवतो आणि साडेनऊला झोपतो. फजरनंतर बाप-लेक एकत्र नाश्ता करतात. अब्बूच त्याला शाळेत सोडतात आणि घरी परतून तासभर पडतात. आठवड्यातून एक-दोन दिवस घडी मोडते. बाकीचे दिवस तो पहिल्या तासाला हात वर करतो.

या महिन्यात आपणही करून पाहा. इशानंतर घरातले सगळे मोबाइल, आपलेसुद्धा, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. गजराला साधे घड्याळ आणा. रात्रीचा चहा बंद करा, कारण त्याचा अंमल कित्येक तास राहतो. आणि ज्यांचे अब्बू उशिरा येतात, त्यांनी मुलांसाठी सकाळ राखून ठेवा. नऊची शाळा खरे तर त्यासाठी उपयोगी आहे. इन्शाअल्लाह, महिनाभरात फरक दिसेल. काय अनुभव आला ते जरूर कळवा.