गाव नको, संपर्क विचारा

सप्टेंबर २०२३ मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात निपाहचे सहा रुग्ण आढळले, त्यांतले दोघे दगावले. जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांना सुट्टी देण्यात आली, ते योग्यच झाले. पण त्याच दिवसांत दूर मध्य प्रदेशात, अमरकंटकच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठाने प्रवेशासाठी येणाऱ्या केरळी विद्यार्थ्यांकडे निपाह नसल्याचा दाखला मागितला. वरवर पाहता ही खबरदारी वाटते. साथीच्या काळात विद्यापीठाने काय करू नये, याचे मात्र याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. विद्यार्थी कुठल्या राज्याचा, हे विचारून रोग सापडत नाही. तो कुणाच्या सहवासात आला आणि त्याला ताप कधीपासून आहे, हे विचारून सापडतो.

निपाह करोनासारखा रस्त्यावरून, बाजारातून भराभर पसरत नाही. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांकडून तो माणसात येतो आणि पुढे जातो तो बहुतेक वेळा आजारी माणसाच्या अगदी जवळ राहणाऱ्यांकडे: शुश्रूषा करणारे घरचे, परिचारिका, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण. २०१८ साली कोझिकोड आणि मलप्पुरममध्ये १७ जणांचे प्राण गेले, त्या साथीत बहुतेकांना लागण रुग्णालयातच झाली होती. म्हणजे कोट्यवधींच्या राज्यात धोका होता तो मोजक्या माणसांना, आणि त्यांची नावे आरोग्य खात्याच्या यादीत होती. उरलेल्यांकडून दाखला घेऊन काय साधणार? लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण चार ते चौदा दिवस जातात. त्या काळात केलेली चाचणी नकारात्मक येऊनही माणूस पुढे आजारी पडू शकतो. शिवाय ही चाचणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. धडधाकट मुलांचे नमुने मोजक्या प्रयोगशाळांत जमा झाले, तर खऱ्या संशयिताचा अहवाल मागे पडणार.

उलट उदाहरणही केरळचेच आहे. २०१९ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात निपाह झाला तो एका कॉलेजच्या विद्यार्थ्याला. शिकायला तोडुपुळ्यात, प्रशिक्षणासाठी त्रिशूरला, घर तिसऱ्याच जिल्ह्यात. विद्यार्थ्यांचे जगणे असेच फिरते असते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान पक्के केले. तो कुठे राहिला, कुणासोबत होता, कुठे उपचार घेतले याचा माग काढून ३०० हून अधिक लोकांवर लक्ष ठेवले गेले. दुसऱ्या एकालाही लागण झाली नाही आणि तो मुलगाही बरा झाला. हा माग काढता येतो तो माणसे खरे सांगतात म्हणून.

यावर कुणी म्हणेल, या रोगात शंभरातले चाळीस ते पंचाहत्तर दगावतात. एका खोलीत तिघे-चौघे, मजल्याला सामाईक न्हाणीघर आणि मेसची रांग असलेल्या वसतिगृहात धोका कसा पत्करायचा? पालकांचे फोन रेक्टरलाच घ्यावे लागतात. ही काळजी खोटी नाही, आणि म्हणूनच दाखल्यावर विसंबणे घातक आहे. गावावरून अडवले जाईल हे कळले की मुलगा मुक्काम लपवतो, आणि पंचाहत्तर टक्के हजेरीची अट डोक्यावर असेल तर पॅरासिटामॉल घेऊन वर्गात बसतो. असा न सांगितलेला ताप रेक्टरला सर्वांत महागात पडेल. आजारी माणसाच्या निकट संपर्कात आलेल्याने एकवीस दिवस प्रवास करू नये, हे जरूर सांगावे. पण त्या दिवसांची हजेरी धरली जाईल आणि बुडालेली परीक्षा पुन्हा घेतली जाईल, हे त्याच कागदावर लिहून द्यावे.

हा प्रश्न केरळपुरता समजू नये. महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांमध्येही निपाहच्या संसर्गाचे पुरावे पुण्याच्या याच संस्थेला मिळाले होते. उद्या परराज्यातल्या एखाद्या विद्यापीठाने सातारच्या मुलीला दाखल्यासाठी दारात थांबवले, तर आपल्याला ते अन्यायाचेच वाटेल. आपल्या विद्यापीठांनी साथीची वाट न पाहता जूनमध्येच परिपत्रक काढावे: ताप आल्यास फोन कुणाला करायचा, वेगळी खोली कोणती, जेवण कोण पोचवणार, हजेरीचे काय. आणि त्यात जिल्ह्याचा किंवा राज्याचा रकाना ठेवू नये.