गुणपत्रिकेत न मावणारे

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०१७ साली एमबीबीएसच्या शंभर जागांपैकी अवघी एक भरली आणि बाकीच्या रिकाम्या ठेवल्या. केवळ 'नीट'च्या गुणांवर प्रवेश देणे संस्थेला मान्य नव्हते. तिची रीत निराळी होती. लेखी परीक्षेतून निवडलेल्या मुलामुलींना वेल्लोरला बोलवायचे, त्यांना गटाने कामे करावयास लावायची, मुलाखती घ्यायच्या आणि मग ठरवायचे. बहुतेकांच्या पाठीशी एखादी चर्चसंस्था असे. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे गरजेच्या ठिकाणच्या रुग्णालयात सेवा करण्याचे बंधनही असे. २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नीट' अल्पसंख्य संस्थांनाही लागू असल्याचा निर्वाळा दिला आणि वाद कायद्यापुरता मिटला.

निर्णय योग्यच झाला. वैद्यकीय जागांचा जो उघड लिलाव या देशाने पाहिला, त्यानंतर प्रत्येक संस्थेला आपापली चाळणी वापरू देणे परवडणारे नव्हते. तथापि वेल्लोरने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाच्या कक्षेतले नव्हतेच. तीन तासांच्या परीक्षेत मुलाची बुद्धी कळते. खेड्यात तो टिकेल काय, हे कळते काय?

या संस्थेचा उगमच मुळी एका विद्यार्थिदशेतील मुलीच्या निश्चयात आहे. मिशनरी घराण्यातील आयडा स्कडर यांना भारतात राहण्याची इच्छा नव्हती. एका रात्री तीन पुरुष, दोन हिंदू आणि एक मुसलमान, आपापल्या अडलेल्या पत्नीसाठी मदत मागण्यास आले. वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने बाळंतपण करणे त्या घरांना रुचेना. तिन्ही स्त्रिया दगावल्या. आयडा अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, १९०० साली परतल्या आणि एका खाटेवर त्यांनी काम आरंभिले. १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा निघाली. (दगावलेल्या त्या तिघींच्या मृत्यूस आपल्याही रूढी कारण होत्या, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.)

पुढे येथेच घडलेल्या डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ च्या अपघातात कमरेखाली पक्षाघात झाला. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि अपंग पुनर्वसनाचा विभाग उभा केला.

महाराष्ट्राने या शिकवणीचे फळ जामखेडला पाहिले. वेल्लोरचेच पदवीधर असलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात आले. शहरातला व्यवसाय त्यांना अशक्य नव्हता. खेड्यात राहावयास शिकलेल्या परिचारिका मिळेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रियांना हाताशी धरले. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक दलित. प्रसूती, बालकांचा आहार, जुलाबावरचे साखर-मिठाचे पाणी हे सारे त्या शिकल्या. आणि ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांनाच गाव बाळंतपणासाठी बोलावू लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मिशनचे मूळ उद्दिष्ट धर्मप्रसाराचे होते आणि ते मिशनने कधी लपविलेही नाही. सेवेमागे मतांतराचा हेतू असेल तर तिच्याकडे सावधपणे पाहणे हा समाजाचा हक्कच आहे. तो सोडण्याचे कारण नाही. पण जामखेडचे नाव झाले ते आरोग्यसेविकांमुळे, बाप्तिस्म्यांच्या आकड्यांमुळे नव्हे. तेथे जे घडले त्याचे श्रेय हात आखडून देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आणि आपल्या घरांत काय चालले आहे? मुलगा डॉक्टर व्हावा म्हणून दोन-दोन वर्षे शिकवणी वर्गांना वाहिलेली असतात. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडताना एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र समोर आले, की त्यातून सुटका कशी होईल याची चौकशी प्रथम सुरू होते, आणि ती बहुधा वडीलच करतात.

निवडीच्या वेळी वृत्ती तपासण्याचा मार्ग आता बंद झाला. पुढची साडेपाच वर्षे मात्र मोकळी आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे पाहावे, असे अभ्यासक्रमातच घातले आहे. ही कुटुंबे प्रत्यक्षात भेटली जातात की केवळ वहीत भरली जातात, एवढे तरी विद्यार्थी संघटनांनी आणि पालकांनी आपापल्या जिल्ह्यातील महाविद्यालयात जाऊन विचारावे.