नकारानंतरचा निरोप

सायंकाळी सावंतवाडीच्या मोती तलावाच्या काठावर फेरी मारली, तर तरुणांच्या घोळक्यातही प्रत्येकाची नजर हातातल्या मोबाईलवर खिळलेली दिसते. एके काळी एखादा मुलगा मुलीच्या मागे मागे जाऊ लागला की दोन दिवसांत गावभर होई. बाजारपेठेतले कुणी वडीलधारे त्याचा कान धरीत आणि विषय तेथेच संपे. आज तोच पाठलाग घरातल्या बंद खोलीत, मध्यरात्री, कुणाच्याही नकळत चालतो. गावाची नजर तेथे पोहोचत नाही. कायद्याची मात्र पोहोचते. पुष्कळ घरांना याची अद्याप जाणीव नाही.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर न्या. वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ साली पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट केल्यानंतरही जवळीक साधण्यासाठी तिच्याशी वारंवार संपर्क करणे, किंवा इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणे, हा गुन्हा होय. पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत कैद व दंड. पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत. मुलगी अठरा वर्षांखालील असेल आणि हेतू लैंगिक असेल, तर पोक्सो कायद्याचे कलम ११ लागू होते. तेथे मुलगा-मुलगी असा भेदही नाही.

हे केवळ कागदावर राहिलेले नाही. ऑर्कुटवरील ओळखीनंतर नकार मिळालेल्या एका गृहस्थाने निनावी ई-मेलद्वारे अश्लील मजकूर पाठविला. २००९ च्या या प्रकरणात मुंबईच्या न्यायालयाने २०१५ साली त्याला दोषी ठरविले. दुसऱ्या प्रकरणात २०१६ साली एका अपरिचित स्त्रीला रात्री उशिरा ‘तुम्ही सडपातळ आहात, गोऱ्या आहात, मला आवडता’ अशा आशयाचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप गेले. २०२२ मध्ये शिक्षा झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने ती कायम केली. काही क्षणांच्या अविचारासाठी नऊ वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या!

येथे विवेकही हवा. परिचयाचा एखादा सभ्य निरोप हा गुन्हा नव्हे. ‘त्रासदायक’ अशा संदिग्ध शब्दांवर उभे असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरविले, ते योग्यच झाले. पाठलागाचे कलम तसे संदिग्ध नाही. नकार आणि नकारानंतरचा अट्टहास, या दोन गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. मात्र मजकूरच स्त्रीच्या विनयाचा अवमान करणारा असेल, तर कलम ७९ साठी एकच निरोप पुरेसा ठरू शकतो.

आपल्या घरांतून मुलींना ‘जपून राहा’ हे रोज सांगितले जाते; परंतु मुलांना ‘नाही म्हणजे नाही’ हे किती आई-वडील सांगतात? मुलीने तक्रार सांगितली की तिचाच मोबाईल काढून घेतला जातो. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हा कुठला न्याय? परिणामी पुढच्या वेळी ती घरात काही बोलतच नाही, आणि पाठलाग करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

अशा वेळी निरोप पुसून टाकू नयेत. एकदाच स्पष्ट शब्दांत नकार कळवावा, सर्व मजकूर तारीख-वेळेसह जपावा, आणि पोलिसांकडे जावे. हद्दीचा प्रश्न आता अडसर नाही. कोणत्याही ठाण्यात गुन्ह्याची माहिती देता येते. ‘आपसांत मिटवू’ म्हणणाऱ्या मध्यस्थांपेक्षा हा मार्ग निश्चितच सन्मानाचा आहे.

दुसऱ्या बाजूचाही विचार करावा. नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलावर गुन्हा नोंदला गेला, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो आड येतो. ओरोसचे जिल्हा न्यायालय आणि ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेले उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सिंधुदुर्गवासीयांना जवळचे असले, तरी तेथे आरोपीचे पालक म्हणून जाण्याची वेळ कुणावर येऊ नये.

कायदा गुन्ह्यानंतर येतो. संस्कार त्याच्या आधी येऊ शकतात. आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी मुलांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे. पूर्वी गावातली वडीलधारी माणसे जे काम करीत, ते आता घरालाच करावे लागणार आहे.